मारबत जळते, मग संग्रहालयात काय ठेवायचं?

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी जुन्या नागपुरातून काळी आणि पिवळी मारबत निघते. बांबूच्या कामट्या, कागद, कापड आणि रंग यांतून उभं केलेलं, माणसाच्या कितीतरी वर जाणारं ते रूप. सोबत बडगे, म्हणजे त्या त्या वर्षीच्या संतापाचे पुतळे. ‘इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ या घोषात मिरवणूक फिरते आणि शेवटी मारबतीचं दहन होतं. मागे राख उरते. तरी पुढच्या वर्षी मारबत पुन्हा उभी राहतेच, कारण सांगाडा कसा बांधायचा, कामटी कुठे वाकवायची, चेहरा कोणी रंगवायचा, खांदा कोणी द्यायचा हे वस्तीतल्या माणसांना पक्कं ठाऊक असतं. वस्तू दरवर्षी नवी असते. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकली आहे ती करण्याची रीत.

नागपुरात समकालीन कला आणि परफॉर्मन्स (कलावंताने लोकांसमोर प्रत्यक्ष करून दाखवायचं काम) यांचं एखादं छोटं खासगी संग्रहालय असावं का, हा विषय निघाला की बोलणं लगेच इमारतीवर जातं. जागा कुठे, दर्शनी भाग कसा, उद्घाटनाला कोण. असं संग्रहालय जरूर असावं, पण त्याने मारबतीकडून शिकावं, असं माझं म्हणणं आहे. वस्तू थोड्याच घ्याव्यात आणि नीट सांभाळाव्यात. प्रयोग मात्र हात सैल सोडून घ्यावेत, आणि घ्यायचे ते पुन्हा करण्याची रीत, हक्क आणि शिकवणारी माणसं यांच्यासकट. पैसा आधी ठेवीत, मग कोठारात, मग माणसांत, आणि उरला तर इमारतीत घालावा.

शहरात कलेच्या संस्था नाहीत असं नाही. लोक ज्याला आपुलकीने ‘अजब बंगला’ म्हणतात ते मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचं. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ पासून इथे आहे. शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, वसंतराव देशपांडे आणि सुरेश भट यांच्या नावाची मोठी सभागृहं आहेत, महाल भागात मूर्तिकारांची चितारओळ आहे. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली याच शहरातला. पण हयात कलावंताचं काम विकत घेणं, ते वर्षानुवर्षं सांभाळणं आणि पुन्हा पुन्हा लोकांसमोर आणणं हे यांतल्या कोणाचंही मुख्य काम नाही. सभागृह भाड्याने मिळतं, गॅलरी विकते, महाविद्यालय शिकवतं. शिकून बाहेर पडलेली मुलं मग मुंबई, बडोदा, दिल्ली गाठतात, आणि त्यांचं काम नागपूरकरांना बघायला मिळतं ते मोबाइलवर.

हे सरकारने का करू नये? करावं, अवश्य करावं. पण सरकारी खरेदी वस्तूची होते. जिला वजन, माप, नग नाही अशी गोष्ट साठा नोंदवहीच्या कुठल्या रकान्यात लिहायची, हा तिथे खरोखरचा प्रश्न असतो. लेखापरीक्षणात ‘एक परफॉर्मन्स, चार तास’ ही नोंद दाखवायची कशी? छोट्या विश्वस्त संस्थेला हा निर्णय एका बैठकीत घेता येतो. तिची ताकद तेवढीच. तिचा धोकाही तेवढाच उघड आहे: संस्थापकाचा उत्साह संपला, घरात वाटण्या झाल्या, धंद्यात खोट आली की दालनाला कुलूप. पुण्यात दिनकर केळकरांनी आपला संग्रह हयातीतच महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, म्हणून तो आज सगळ्यांना बघायला मिळतो. जागतिक संग्रहालय परिषदेने २०२२ साली प्राग इथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. तिच्यात ‘ना-नफा’ आणि ‘कायमस्वरूपी’ हे दोन शब्द आहेत. खासगी संग्रहालयाची खरी परीक्षा दुसऱ्या शब्दावर होते.

कायमस्वरूपीला किती पैसे लागतात, ते मांडून बघू. एकूण दीडशे चौरस मीटरची दोन दालनं, ऐंशी चौरस मीटरचा प्रयोगाचा हॉल, तीस चौरस मीटरचं कोठार, एवढीच जागा धरा. एक क्युरेटर, नोंदी सांभाळणारा एक माणूस, एक तंत्रज्ञ, तीन मदतनीस आणि अर्धवेळ हिशेबनीस यांचा पगार महिन्याला १ लाख ६५ हजारांच्या आसपास धरला तर वर्षाचे २० लाख होतात. विजेला ७ लाख. कलावंतांचं मानधन आणि कार्यक्रम १२ लाख. विमा, दुरुस्ती, वाळवी-कसरीचा बंदोबस्त ४ लाख. चित्रीकरण आणि त्याची साठवण २ लाख. बेरीज ४५ लाख, आणि यात एकही नवी खरेदी नाही. रोज वीस माणसं पन्नास रुपये तिकिटाने आली, तीनशे दिवस आली, तर जमा होतात ३ लाख. म्हणजे तिकिटावर संग्रहालय चालत नाही. ठेवीवर साडेसहा टक्के व्याज धरलं तर ४५ लाखांसाठी जवळपास ७ कोटी लागतात. पण सगळं व्याज खाल्लं तर महागाई दहा वर्षांत मुद्दलाची ताकद पोखरते. म्हणून दरवर्षी ४ टक्केच खर्चायचे आणि बाकीचं मुद्दलात घालायचं. तसं धरलं तर ठेव हवी सव्वाअकरा कोटींची.

एवढे नसतील तर? तर आपल्या अंथरुणाएवढं संग्रहालय करावं. तीन कोटींच्या ठेवीतून वर्षाला १२ लाख मिळतात. त्यात भाड्याची एक खोली, एक चांगलं कोठार, दोन माणसं आणि वर्षाला सहा प्रयोग बसतात. हे संग्रहालय लहान असलं तरी खरं असेल. याउलट तीन कोटींची इमारत बांधून खात्यात शून्य ठेवणाऱ्याच्या हाती दुसऱ्या उन्हाळ्यात फक्त विजेचं बिल उरतं. सीएसआर आहे ना, असं कोणी म्हणेल. कंपनी कायद्यातला नफ्याचा २ टक्के निधी कला आणि संस्कृतीसाठी वापरता येतो, हे खरं. पण २०२१ च्या सुधारणेनंतर तो संस्थेच्या मूळ ठेवीत टाकता येत नाही. तो प्रकल्पापुरता येतो आणि कंपनीतला अधिकारी बदलला की आटतो. त्यातून एखादं प्रदर्शन करा, शाळांच्या सहली करा. ठेव मात्र वैयक्तिक देणग्यांतूनच उभी करावी लागेल.

आता वस्तूंकडे. नागपुरात कलाकृतीचा सर्वांत मोठा वैरी कोण, तर आपला कूलर.

मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असते. चांगला वाळ्याचा किंवा वुडवूलचा कूलर आतली हवा २८-३० अंशांवर आणतो. माणसाला बरं वाटतं, पण आर्द्रता ६०-७० टक्क्यांवर चढते. संध्याकाळी दालन बंद होतं, कूलर बंद होतो, आणि पहाटेपर्यंत आर्द्रता पुन्हा २५ च्या खाली येते. रोज चाळीस टक्क्यांचा हेलकावा. लाकडी चौकट ओल पिते, फुगते, मग आकसते, आणि कोपऱ्यातला सांधा उघडतो. कॅनव्हास एकदा सैल पडतो, एकदा तणतणतो, आणि त्यावरचा रंगाचा थर त्याच्याबरोबर ताणला न गेल्याने तडकतो. कागदाला लाटा येतात. एका उन्हाळ्यात दिसत नाही, चौथ्या उन्हाळ्यात दिसतं. म्हणून दालनात कूलर नको, ही पहिली अट. ओळीने पाच कूलर लावलेली मंगल कार्यालयं प्रदर्शनाला देऊ करतात तेव्हाही हे लक्षात ठेवावं.

पावसाळ्यात उलटं होतं. ऑगस्टमध्ये बाहेरची हवा २७-२८ अंशांची, आर्द्रता ८५ च्या वर. लोक म्हणतात एसी चालू आहे, काळजी नाही. पण खोली आधीच थंड असल्याने एसीचा कॉम्प्रेसर फार वेळ बंदच असतो, आणि कॉम्प्रेसर बंद असला की हवेतलं पाणी निघत नाही. खोली गार आणि ओली राहते. आर्द्रता ६५-७० च्या वर आठवडाभर राहिली की चित्राच्या मागच्या बाजूला बुरशी धरते. पुढून चित्र ठीक दिसतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. इथे वेगळं डिह्युमिडिफायर यंत्र लागतं. ते ५५ वर लावावं आणि त्याला थेट गटारापर्यंत नळी जोडावी, कारण डबा भरला की यंत्र आपोआप थांबतं आणि रविवारच्या सुट्टीत तो हमखास भरतो.

लक्ष्य काय ठेवायचं? पूर्वी २० ते २२ अंश आणि ५० टक्के असा कडक नियम सांगत. आता मोठी संग्रहालयंसुद्धा १६ ते २५ अंश, ४० ते ६० टक्के आणि चोवीस तासांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको, एवढी मोकळीक घेतात. नागपुरात संपूर्ण दालन वर्षभर या मर्यादेत ठेवणं छोट्या संस्थेच्या खिशाला झेपणारं नाही. तिने कोठार या मर्यादेत ठेवावं आणि दालनात नाजूक कामं नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात लावावीत. उन्हाळ्यात दगड, धातू, भाजलेली माती, व्हिडिओ लावावेत आणि दालन संध्याकाळी पाच ते नऊ उघडं ठेवावं. दुपारी दोन वाजता येणार तरी कोण आहे? आर्द्रता मोजणारं यंत्र स्वस्त असेल तर त्याचा आकडा आधी तपासून घ्यावा. जेवणातलं मीठ जेमतेम ओलं होईल इतकं पाणी घालून एका झाकणात ठेवायचं, यंत्रासकट झिपच्या पिशवीत दहा-बारा तास बंद करायचं. आकडा ७५ यायला हवा. ७० आला तर यंत्र पाच कमी दाखवतं, तशी चिठ्ठी त्याच्यावर चिकटवून टाकायची.

प्रकाशाचं थोडक्यात: कागद, कापड, फोटो यांवर ५० लक्स (प्रकाश मोजायचं एकक), तैलरंगावर २०० पर्यंत, आणि पश्चिमेकडची खिडकी बंद. कोठार पाण्याच्या टाकीखाली नको, न्हाणीघराला लागून नको, आणि सर्वांत खालची फळी जमिनीपासून एक वीत वर हवी.

इमारतीबद्दल एक आग्रह आहे. वर्धा रोडच्या बाजूला काचेचा दर्शनी भाग असलेल्या नव्या इमारती भुरळ घालतात. त्यापेक्षा महालातला दीड-दोन फूट जाडीच्या भिंतींचा, चुन्याचा जुना वाडा कोठारासाठी चांगला. जाड भिंत दिवसाचं ऊन रात्रीपर्यंत आत येऊ देत नाही आणि चुना ओल थोडी पितो, थोडी सोडतो. वाळवीचा आणि गळक्या छपराचा बंदोबस्त आधी करावा लागेल, हे मान्य. नव्या बांधकामात दुसरीच पंचाईत असते. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया उथळ असेल तर भिंतीही तिच्याबरोबर भेगाळतात. भिंतीत भेग, भेगेतून ओल, ओलीवर टांगलेलं चित्र.

आणि धरमपेठेतला एखादा बंगला घेऊन वरच्या मजल्यावर प्रयोग करायचा विचार असेल तर आधी अभियंत्याला विचारावं. भारतीय मानकांप्रमाणे राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला साधारण २०० किलो भारासाठी धरतात. खुर्च्या न मांडलेल्या, लोक जमण्याच्या जागेसाठी ती ५०० किलोची हवी. प्रयोगाला माणसं खोलीभर सारखी पसरत नाहीत, एका कडेला दाटतात, आणि ढोलकीच्या ठेक्यावर सगळे एकदम पाय आपटतात. प्रयोग तळमजल्यावरच बरा.

उन्हाळ्यात कलाकृतींची ने-आण करू नये, हेही जाता जाता सांगायला हवं. बंद टेम्पोत दुपारी भट्टी पेटलेली असते. अ‍ॅक्रिलिकचा रंग साध्या खोलीतल्या तापमानालाही मऊ असतो. त्यावर बबल रॅप थेट गुंडाळला तर बुडबुड्यांचे गोल ठसे कायमचे उठतात. आधी सिलिकॉनचा न चिकटणारा कागद, मग मऊ कापड किंवा फोम, बबल रॅप सगळ्यांत बाहेर आणि बुडबुडे बाहेरच्या अंगाला. निघायची वेळ पहाटे चारची.

इतकं सगळं एका कॅनव्हाससाठी. मग वस्तू थोड्या का घ्याव्यात, हे वेगळं समजवायला नको. शंभर कामं नीट सांभाळणारी संस्था हजार कामं कुजवणाऱ्या संस्थेपेक्षा कितीही मोठी.

प्रयोगाचं मात्र वेगळं आहे. मराठीत नाटकाचा ‘प्रयोग’ होतो, हा शब्दच मोठा सोयीचा आहे. तो पुन्हा होऊ शकतो, आणि प्रत्येक वेळी थोडा वेगळा होतो, हे त्यात आधीच आलं. जगातली संग्रहालयं गेल्या दोन दशकांत परफॉर्मन्स विकत घ्यायला शिकली. टिनो सेहगल हा कलावंत तर आपलं काम तोंडी कराराने विकतो. साक्षीदारांसमोर सगळं बोलून सांगायचं, कागदावर सूचना नाहीत, फोटो नाहीत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २००८ मध्ये त्याचं एक काम असंच घेतलं. तिकडच्या लोकांना याचं फार नवल वाटलं. नागपुरातल्या माणसाला वाटायचं कारण नाही, मारबतीचं ज्ञान असंच तोंडातून कानात आणि हातातून हातात गेलेलं आहे.

पण छोट्या संस्थेने फक्त स्मरणावर विसंबू नये. विकत घेताना नेमकं काय घेतलं, ते एका फाईलमध्ये उतरवावं लागतं. एक उदाहरण कल्पून बघू. चार तासांचा प्रयोग आहे. एक बाई जात्यावर ज्वारी दळते, पीठ जमिनीवर पसरत जातं, प्रेक्षक त्यातून चालत जातात आणि पावलांचे ठसे उरतात. संग्रहालयाने हे काम घेतलं म्हणजे काय घेतलं?

पहिला प्रश्न जात्याचा. ते जातं कलाकृतीचा भाग आहे की नुसतं साहित्य? कलावंताच्या आजीचं असेल आणि तेच हवं असेल, तर ते कोठारात जपायचं, त्याला हात लावताना नोंद करायची. कोणतंही चालत असेल तर दुसरं आणायचं, पण किती व्यासाचं, कुठल्या दगडाचं, छिन्नीने नव्याने टाकी लावलेलं की गुळगुळीत झालेलं? टाकी लावलेल्या जात्याचा आवाज वेगळा येतो आणि पीठही वेगळं पडतं. ज्वारी किती? तासाला दोन किलोच्या हिशेबाने आठ किलो दळून होईल, तर दहा किलो आणून ठेवावी. दळणारी बाई कलावंत स्वतःच असायला हवी का? तिच्यानंतर कोण? पुरुषाने दळलं तर ते हेच काम राहील का? ओवी म्हणायची का, म्हणायची तर ठरलेली की दळणारीला येईल ती? विश्रांती किती वेळा, आणि त्या वेळी जातं थांबलेलं दिसलेलं चालेल का? चार तासांचा प्रयोग चाळीस मिनिटांत उरकला तर तो प्रयोग की जाहिरात? ही उत्तरं कलावंत हयात असताना, तिच्यासमोर बसून, तिच्याच शब्दांत घ्यावी लागतात. ‘काय बदललं तरी चालेल’ आणि ‘काय बदललं तर हे माझं काम नाही’ अशा दोन याद्या झाल्या की फाईलचा कणा तयार झाला.

मग व्यवहार. कामाची किंमत वेगळी, आणि दर प्रयोगाला करणाऱ्याचं मानधन वेगळं. तालमीचे पैसेही द्यायचे, कारण चार तास दळायचं तर अंग तयार करायला दोन-तीन आठवडे लागतात, नाहीतर पहिल्याच दिवशी तळहाताला फोड येतात. करारात एक कलम असावं की कलावंत नागपुरातल्या दोन माणसांना हे काम शिकवेल आणि संग्रहालय दर दोन वर्षांत एकदा तरी ते करेल. न केलेला प्रयोग कोठारातल्या चित्रासारखा वाट बघत थांबत नाही. शिकलेली माणसं गाव सोडतात, विसरतात, आणि फाईल नुसती वाचायला उरते.

आणि प्रयोग संपल्यावर आठ किलो पीठ जमिनीवर असतं. ते रात्रीतून उचललं नाही तर मुंग्या, झुरळं, उंदीर, आणि चार दिवसांत टोके. तिथून कोठारातल्या कागदापर्यंत कीड पोचायला वेळ लागत नाही. म्हणून प्रयोगाचा हॉल आणि कोठार यांच्यामध्ये दोन दारं हवीत, आणि त्या रात्री झाडणाऱ्या माणसाचा जादा पगार अंदाजपत्रकात हवा.

चित्रीकरण केलं की झालं, असं समजणारे पुष्कळ आहेत. चित्रीकरण जरूर करावं. एक कॅमेरा स्थिर, पूर्ण देह आणि पूर्ण जमीन दिसेल असा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत न कापता. दुसरा हातांजवळ. आवाज वेगळा, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटचा. सेकंदाला १०० मेगाबिटच्या फोर-के चित्रणाला तासाला ४५ जीबी लागतात, म्हणजे दोन कॅमेऱ्यांच्या चार तासांना ३६० जीबी. त्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक शहराबाहेर. हार्डडिस्क पाच वर्षांनी बदलायची, आणि वर्षातून एकदा प्रत्येक फाईल खरोखर उघडते का ते तपासायचं. हे सगळं करूनही चित्रण म्हणजे पुरावा. नव्या माणसाला शिकताना त्याची मदत होते. पण पीठावरून अनवाणी चालताना तळव्यांना काय वाटलं, ते पडद्यावर येत नाही.

कायद्याच्या दोन-तीन गोष्टी इथे फार चुकतात. चित्र विकत घेतलं म्हणून त्याचा कॉपीराइट मिळत नाही. पोस्टकार्ड छापायचं तर कलावंताची परवानगी लागते. सादर करणाऱ्या माणसालाही कायद्याने स्वतंत्र हक्क आहेत, आणि ते पन्नास वर्षं टिकतात, म्हणून चित्रीकरणाची लेखी संमती दळणाऱ्या बाईकडूनही हवी. कलावंताचा नैतिक हक्क तर विक्रीनंतरही त्याच्याकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प काढून टाकताना मोडतोड झाली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष त्यांना परत द्यायला लावले आणि ५ लाखांची भरपाईही दिली. भिंत आपली आहे, म्हणून तिच्यावरचं काम हवं तेव्हा उखडता येत नाही.

हॉलसाठी अग्निशमनाचे नियम आहेत. लोक जमण्याच्या जागेचं बाहेर पडायचं दार दोन मीटरहून अरुंद नको, आणि राज्याच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. महाराष्ट्रात नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. आता ज्या कामाला संहिताच नाही, ज्यात बाई नुसती दळते, त्याचं काय? हा प्रश्न सरकारने सोडवायला हवा, आणि तो विचारायला एखादी नोंदणीकृत संस्था लागते. एकट्या कलावंताने विचारून उत्तर मिळत नाही. लाइटचे डिमर आणि साउंड एकाच सर्किटवर घेऊ नयेत, स्पीकर घूं करत राहतात. शांत कामासाठी एसीचा आवाज नको असेल तर हॉल आधीच २२ अंशांवर आणावा आणि मग एसी बंद करावा. पण ऐंशी माणसं बसून आठ किलोवॅट उष्णता सोडतात, अर्ध्या-पाऊण तासात गुदमरायला होतं. त्याहून लांबचा प्रयोग असेल तर माणसं कमी घ्यावीत.

झाडीपट्टीबद्दल जरा सावधपणे बोलायला हवं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागात दिवाळीनंतर धानाच्या कापणीबरोबर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाला नाटक कंपन्यांची वर्दळ, मंडईच्या म्हणजे गावजत्रेच्या रात्री पहाटेपर्यंत चालणारं नाटक, दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्याचे प्रकार. इथले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बऱ्याच नागपूरकरांना ही रंगभूमी आपल्या इतक्या जवळ आहे हे नव्याने कळलं. ही रंगभूमी प्रेक्षकाच्या तिकिटावर जगते, तिला कोणी ‘वाचवायची’ गरज नाही. नागपूरच्या संग्रहालयाने तिचा तासाभराचा नमुना कापून एसी हॉलमध्ये दाखवू नये. तिथले पडदे रंगवणारे, नेपथ्य बांधणारे, संवाद पाठ करून घेणारे यांना समकालीन कलावंत मानून बोलवावं, महिनाभर राहायला जागा द्यावी, मुंबईच्या कलावंताला जो दर तोच द्यावा, आणि त्यांना वाटेल ते करू द्यावं. बोलवायचंही ते हंगामात नव्हे. डिसेंबर-जानेवारीत बोलावलं तर त्यांच्या रोजच्या रोजीवर पाणी पडतं. त्यांचे मोकळे महिने एप्रिल ते जून, आणि तेव्हा आपलं दालन नाहीतरी दुपारी बंदच असतं.

आता सार्वजनिक प्रश्न. असं संग्रहालय उद्या महापालिकेकडे सवलतीच्या भाड्याची जागा मागेल, मालमत्ता करात सूट मागेल. द्यावी का? द्यावी. मुंबईत भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा जीर्णोद्धार महापालिका, वारसा जपणारी संस्था इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यातल्या २००३ च्या करारातून झाला आणि २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं. तिथे कोणाची जबाबदारी काय, हे कागदावर होतं. नागपूरनेही कागदच बघावा. ठेव वेगळ्या खात्यात आहे का, निम्मे विश्वस्त संस्थापकाच्या घराबाहेरचे आहेत का, आठवड्यातून एक दिवस तिकीट माफ आहे का, संग्रहाची यादी आणि कलावंतांना दिलेल्या मानधनाचा दर दरवर्षी जाहीर होतो का. एवढं असेल तर जागा द्यावी. नसेल तर तो खासगी दिवाणखाना आहे, आणि त्याचं भाडं मालकाने पूर्ण भरावं.

सर्वांत शेवटचं कलम सर्वांत आधी लिहायचं असतं: संस्था बंद पडली तर काय? सार्वजनिक न्यास मोडला तर त्याची मालमत्ता विश्वस्तांना वाटून घेता येत नाही, ती साधारण त्याच उद्देशाच्या दुसऱ्या न्यासाकडे जाते. कलाकृती भेट म्हणून घेतली तर तीही त्यातच अडकते, आणि कलावंत वर्षानुवर्षं खेटे घालत बसतो. म्हणून जे काम परत द्यायचं आहे ते भेट म्हणून न घेता मुदतीच्या उसनवारीवर घ्यावं आणि पहिल्याच दिवशी लिहून ठेवावं. दालन सलग सहा महिने बंद राहिलं तर नव्वद दिवसांत काम कलावंताच्या दारात पोचवायचं, टेम्पोचं भाडं संस्थेचं, त्यासाठीची रक्कम वेगळ्या मुदत ठेवीत. आणि प्रयोगांचे सगळे हक्क, फाईल आणि चित्रणाची एक प्रत त्याच दिवशी, कोणाच्याही सहीची वाट न बघता, कलावंताकडे आणि त्याने शिकवलेल्या दोन माणसांकडे.